एकरी तीस हजारांची हवा

ताई, नमस्कार. मी बार्शी तालुक्यातला. बी. एस्सी. अ‍ॅग्री करून गावातच कृषी सेवा केंद्र चालवतो, घरची अकरा एकर जमीन आहे. गेल्या महिन्यात एका कंपनीने मंगल कार्यालयात शेतकऱ्यांचा मेळावा घेतला. बांबू आणि महोगनी लावा, झाडं हवेतला कार्बन खातील, त्याची क्रेडिट्स आम्ही परदेशात विकू आणि तुम्हाला एकरी वर्षाला तीस हजार रुपये देऊ, असं तीस वर्षांचं बोलणं आहे. सरकारच्या ग्रीन क्रेडिट योजनेतच हे बसतं, असंही सांगितलं. मला ‘तालुका पार्टनर’ करतायत. त्यासाठी अडीच लाख डिपॉझिट, मग एकरामागे कमिशन. माझ्या शब्दावर चाळीसेक शेतकरी सही करायला तयार आहेत. बायको म्हणते, ज्याला हात लावता येत नाही त्याचा धंदा करू नका. मेहुणा सोलापूरला टॉवेलच्या कारखान्यात बॉयलर आणि मेंटेनन्स बघतो. तो म्हणतो, कार्बनचा धंदा शंभर टक्के खरा आहे, आमच्या मालकाला परदेशी गिऱ्हाईक कार्बनचा हिशेब मागतंय. पंधरा दिवसांची मुदत आहे. काय करू?
— एक वाचक, बार्शी तालुका

अडीच लाख देऊ नका. पंधरा दिवसांत नाही, आणि मुदत वाढवून मिळाली तरी नाही. एवढं वाचून तुम्ही पान मिटलंत तरी माझं निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं जरा किचकट आहे, कारण तुमची बायको आणि तुमचा मेहुणा दोघंही बरोबर आहेत. कार्बनच्या व्यापारात पैसा आहे. पण तो मंगल कार्यालयातल्या स्टेजवर दाखवला तिथे नाही.

आधी त्या तीस हजारांचा हिशेब मांडू. दुकानाच्या बिलबुकाच्या पाठीवर मावेल एवढाच आहे. एक क्रेडिट म्हणजे हवेतून कमी केलेला किंवा हवेत जाऊ न दिलेला एक टन कार्बन डायऑक्साइड. झाडांच्या क्रेडिटचा भाव प्रकल्पागणिक फार वेगळा असतो. आपण हिशेबापुरता टनाला १२ डॉलर धरू आणि डॉलर ८८ रुपयांना. म्हणजे टनाचे १,०५६ रुपये झाले. एकरी तीस हजार हवेत तर वर्षाला २८ टन लागतील. आता २८ टन म्हणजे झाड किती? वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो, आणि एक टन कार्बन झाडात साठायचा तर हवेतला ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड ओढून घ्यावा लागतो. उलटा भागाकार करत गेलात की उत्तर येतं: दर एकरी, दर वर्षी, पंधरा टन वाळलेलं लाकूड. मुळं धरून, पण ओलं नव्हे, खडखडीत वाळलेलं. तेही तीस वर्षं, न चुकता. तुम्ही अ‍ॅग्रीवाले आहात. तुमच्या तालुक्याच्या पावसावर महोगनी असं वाढेल का, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

आणि हे सगळे पैसे शेतकऱ्याच्याच खिशात जातात असं धरून मांडलं. कंपनी निम्मे ठेवणार असेल तर लाकूड तीस टनांवर जातं. भाव दुप्पट मिळेल म्हणाले तर परत पंधरावर येतं. आकडे तुम्हाला हवे तसे बदलून बघा. तीस हजार कुठूनच बाहेर पडत नाहीत. वर्षाला तीन टन कार्बन डायऑक्साइड धरलात तर एकरी तीन हजारांच्या आसपास येतात, त्यातून मोजणीचा आणि पडताळणीचा खर्च आणि कंपनीचा हिस्सा वजा. वाईट नाही. फक्त त्यासाठी कुणी मंगल कार्यालय बुक करणार नाही.

बांबूचं आणखी एक. बांबू झपाट्याने वाढतो हे खरं, पण तो आपण तोडायलाच लावतो. मोजणीत धरतात तो शेतात उभा असलेला साठा. चौथ्या-पाचव्या वर्षापासून काठ्या तोडून विकायला लागलात की उभा साठा एका पातळीला येऊन थांबतो, आणि तिथून पुढे नवं क्रेडिट जवळपास थांबतं. म्हणजे मेळाव्यात एकाच बांबूचे दोनदा पैसे दाखवले: एकदा काठी विकल्याचे, एकदा काठी न तोडल्याचे.

या धंद्यात एक प्रश्न सगळ्यात आधी विचारतात: क्रेडिटचे पैसे मिळणार नसते तर हे काम झालंच नसतं का? त्याला अ‍ॅडिशनॅलिटी म्हणतात. तुमच्या बांधावरचा जुना लिंब आणि आजोबांची आमराई यात बसत नाही, कारण ती तशीही उभी आहेत. रोजगार हमीतून बांबूला अनुदान मिळतं. ते घेऊन लावलेल्या बांबूवर पडताळणी करणारा माणूस हाच प्रश्न उपस्थित करणार. मूळचं रान साफ करून झाडं लावली असतील तर दहा वर्षं मागचा इतिहास तपासतात. शिवाय झाड जळतं, वाळतं, पोरगा जमीन विकतो. म्हणून मिळालेल्या क्रेडिटमधला काही हिस्सा राखीव गल्ल्यात अडकवून ठेवतात, तो विकता येत नाही. पहिली मोजणी साधारण तिसऱ्या ते पाचव्या वर्षी. तोवर हाती काही नाही. बार्शीच्या बाजाराला तुरीचं कौतुक काय सांगावं, पण ‘बाजारात तुरी’ ही म्हण यापेक्षा चपखल कुठे बसणार?

मी हे सगळं दुरून बघून सांगत नाही. २००६ ते २०१३ अशी सात वर्षं मी पुण्यातल्या एका सल्लागार कंपनीत हेच काम केलं. १९९७चा क्योटो करार २००५च्या फेब्रुवारीत लागू झाला होता. श्रीमंत देशांनी उत्सर्जन कमी करायचं, आणि स्वतःच्या घरी जमत नसेल तर आपल्यासारख्या देशांत झालेली घट विकत घ्यायची, अशी त्यात सोय होती. सीडीएम म्हणायचे तिला. त्या दिवसांत ज्याच्याकडे पवनचक्की, ज्याच्याकडे बगॅसचा म्हणजे उसाच्या चोथ्याचा बॉयलर, तो कार्बनची भाषा बोलायचा. साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारापासून धुळ्यापर्यंत मी फायली घेऊन हिंडले आहे. एका सहकारी साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाचे कागद माझ्याकडे होते. पहिल्याच बैठकीत चेअरमन साहेबांनी विचारलं, “बाई, ऊस आम्ही गाळणार, चोथा आम्ही जाळणार, आणि पैसे युरोपवाला देणार? कशाचे?” मी फळ्यावर समजावून सांगितलं. कोळसा जळाला असता त्याऐवजी बगॅस जळतंय, त्या फरकाचे. त्यांना पटलं. २००८ च्या उन्हाळ्यात भाव टनाला २० युरोच्या वर होता, पटणारच.

मग कागद. आराखडा, पर्यावरण मंत्रालयाची संमती, परदेशी तपासनिसांची भेट, त्यांच्या शंका, आमची उत्तरं, परत शंका, शेवटी जर्मनीत बॉन इथल्या मंडळाकडे नोंदणी. दरम्यान युरोपात मंदी आली, कारखाने थंडावले, त्यांचे उत्सर्जनाचे परवाने पडून राहिले, आणि आमच्यासारख्यांची क्रेडिट्स मात्र ढिगाने येत होती. त्यात युरोपने ठरवलं की २०१२ नंतर नोंदलेल्या प्रकल्पांची क्रेडिट्स फक्त सर्वांत गरीब देशांकडून घेणार. त्या यादीत आपण नाही. आमच्या फायलीवर नोंदणीचा शिक्का बसला तो २०१२च्या डिसेंबरात, अगदी दार बंद होता होता. तेव्हा भाव एक युरोच्या खाली होता. पहिल्या मोजणीला जेवढा खर्च आला असता तेवढेसुद्धा क्रेडिटमधून सुटत नव्हते, म्हणून मोजणी केलीच नाही. चेअरमन रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, “बाई, उसाला निदान एफआरपी असते.”

ते वाक्य मी अजून विसरलेले नाही. क्रेडिटला एफआरपी, म्हणजे सरकारने बांधून दिलेला किमान भाव, नाही. त्याला गिऱ्हाईक असतं ते कायद्यामुळे किंवा कुणाच्या इभ्रतीमुळे, आणि या दोन्ही गोष्टी तुमच्या-माझ्या हातात नाहीत. युरोपच्या स्वतःच्या बाजारात परवान्याचा भाव २०२३च्या फेब्रुवारीत टनाला १०० युरोच्या वर गेला. त्याच बाजारात २०२१पासून बाहेरची क्रेडिट्स चालत नाहीत. भिंतीच्या अलीकडचा टन आणि पलीकडचा टन हवेला सारखाच, बाजाराला नाही.

त्या काळातले सगळेच प्रकल्प बुडाले असं नाही. कर्नाटकात बागेपल्ली भागात मजुरांच्या संघाने ५,५०० घरगुती गोबरगॅसचा प्रकल्प नोंदवला होता, तोही २००५ सालीच. मला तो कायम आवडला, कारण तिथे क्रेडिट आलं काय, न आलं काय, बाईची चूल पेटते. याउलट फ्रिजचा गॅस बनवणाऱ्या कारखान्यांची गोष्ट. त्यांच्याकडे एचएफसी-२३ नावाचा एक टाकाऊ वायू निघायचा. त्याचा एक टन म्हणजे ११,७०० टन कार्बन डायऑक्साइड असा हिशेब धरलेला. तो जाळून टाकण्यात एवढे पैसे सुटायला लागले की जाळण्यासाठीच वायू जास्त बनवतात की काय अशी शंका आली, आणि २०१३च्या मे महिन्यापासून युरोपने ती क्रेडिट्स बंद केली. मला विचाराल तर हा सगळा इतिहास या दोन प्रकल्पांत आला.

आता आजचं. आज दोन दुकानं आहेत, आणि तुमच्याकडे आलेले लोक दोन्हींच्या पाट्या एकत्र करून दाखवतात.

एक दुकान राजीखुशीचं, म्हणजे ऐच्छिक बाजार. व्हेरा, गोल्ड स्टँडर्ड अशा संस्था नियम ठरवतात, नोंदवही ठेवतात. परदेशातल्या कंपन्या स्वतःच्या नावासाठी क्रेडिट्स घेतात. झाडांचे खरे प्रकल्प इथेच होतात. पण या दुकानाची पत मधल्या काळात घसरली. २०२३च्या जानेवारीत पत्रकारांनी व्हेराच्या पर्जन्यवनांच्या क्रेडिट्सवर मोठी शोधपत्रकारिता केली. २०२४मध्ये सुधारित चुलींच्या प्रकल्पांवरचा एक अभ्यास आला. तपासलेल्या प्रकल्पांत क्रेडिट्स खऱ्या घटीच्या नऊ पटींहून अधिक वाटली गेल्याचा त्याचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये अशा चुली वाटणाऱ्या एका कंपनीच्या माजी प्रमुखावर फसवणुकीचे आरोप ठेवले गेले. चीनमधले भातशेतीचे कित्येक प्रकल्प व्हेराने स्वतःच रद्द केले. त्यामुळे आता घेणारा डोळ्यात तेल घालून बघतो. चांगल्या मोजलेल्या टनाला दाम मिळतं, ढोबळ टन पडून राहतो.

दुसरं दुकान सक्तीचं, आणि ते आता आपल्याच देशात उघडतंय. २०२२ साली ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली, २८ जून २०२३ला केंद्राने कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम जाहीर केली. चालवणार ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी, म्हणजे फ्रिज-पंख्यावर तारे लावतात तेच. नोंदवही देशाचं विजेचं जाळं सांभाळणाऱ्या ग्रिड-इंडियाकडे, देखरेख सीईआरसीची, म्हणजे केंद्रीय वीज नियामक आयोगाची. सिमेंट, अ‍ॅल्युमिनियम, कागद, क्लोर-अल्कली, पोलाद, खत, रिफायनरी, पेट्रोकेमिकल आणि कापड ही क्षेत्रं यासाठी ठरली. ऑक्टोबर २०२५मध्ये पहिल्या चार क्षेत्रांतल्या २८२ कारखान्यांना २०२५-२६ आणि २०२६-२७ची उद्दिष्टं ठरवून दिली. यात गोम अशी की एकूण धुरावर मर्यादा नाही. एक टन माल बनवताना किती वायू सोडला, ते मोजतात. उद्दिष्टापेक्षा कमी सोडला तर प्रमाणपत्रं मिळतात, जास्त सोडला तर ती विकत घ्यावी लागतात, आणि घेतली नाहीत तर बाजारभावाच्या दुप्पट भरपाई भरावी लागते.

या सक्तीच्या यादीत नसलेल्यांनाही स्वतःहून प्रकल्प नोंदवायची वेगळी वाट ठेवली आहे. मार्च २०२५मध्ये त्यासाठी पहिल्या आठ पद्धती मान्य झाल्या: अपारंपरिक वीज, हरित हायड्रोजन, कारखान्यातली ऊर्जाबचत, कचरा डेपोतला मिथेन वगैरे. त्यात खारफुटीची लागवडसुद्धा आहे. बार्शीत खारफुटी लावता आली तर मला जरूर कळवा.

ग्रीन क्रेडिटचं तर नावच नको. ती ऑक्टोबर २०२३ची पर्यावरण मंत्रालयाची वेगळी योजना आहे, टनावर विकल्या जाणाऱ्या कार्बन क्रेडिटपासून स्वतंत्र. जो माणूस स्टेजवर या दोन्हींची सरमिसळ करतो त्याला एकतर विषय कळलेला नाही किंवा फार चांगला कळलेला आहे.

कंपनी खोटीच आहे, असं मी म्हणत नाही. प्रामाणिक प्रकल्पवाले मी पाहिले आहेत. पण त्यांची एक खूण असते: सुरुवातीचा पैसा ते स्वतःचा घालतात. रोपं, मोजणी, तपासनिसांची फी, सगळं त्यांचं. परतावा मिळेपर्यंत जोखीम त्यांची. शेतकऱ्याकडून किंवा गावातल्या माणसाकडून आधी पैसे घेणारा क्रेडिट विकायला आलेला नसतो, तो तुम्हालाच विकायला आलेला असतो. इमूचे पिंजरे आठवतात? कडकनाथ? तेव्हाही पक्षी खराच होता. तेव्हाही प्रत्येक तालुक्यात एक ओळखीचा, भल्या घरचा माणूस पुढे केला होता, आणि नंतर लोक कंपनीच्या दारात नाही, त्याच्या दारात गेले. तुमचे अडीच लाख मला एका परीने कमी काळजीचे वाटतात. ते चाळीस जण बियाणं उधारीवर तुमच्याकडून घेतात ना? तुमचं दुकान त्या शब्दावर चालतं.

म्हणून आधी त्या चाळीस जणांना थांबा म्हणून सांगा. मग कंपनीला एकच गोष्ट मागा: नोंदवहीतला प्रकल्प क्रमांक. व्हेरा असो की गोल्ड स्टँडर्ड, नोंदवही इंटरनेटवर उघडी असते. क्रमांक टाकला की प्रकल्पाचं नाव, जागा, आराखडा, आजवर किती क्रेडिट्स निघाली, सगळं दिसतं. तिथे नुसती यादीत नोंद दिसली तर तिला भुलू नका. अर्ज केला म्हणजे यादीत येतं. नोंदणी झाली की नाही आणि क्रेडिट्स निघाली की नाही ते बघा. आराखड्यात बार्शी तालुका आहे का तेही बघा. क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली तर पुढचं बोलूच नका.

क्रमांक खरा निघाला तर करारपत्र मराठीत मागा आणि वकिलाला दाखवा. ओळखीच्या नोटरीला नव्हे, वकिलाला. झाड मेलं तर कुणाचं नुकसान, जमीन विकली तर नव्या मालकावर बंधन येतं का, कंपनीच बंद पडली तर शेतकरी मोकळा होतो का, वाद झाला तर कोर्ट बार्शीचं की दिल्लीचं. तीस वर्षांसाठी सही करणाऱ्या माणसाला सातबाऱ्यावर काय चढणार हे आधी कळलं पाहिजे.

आणि तरीही तुम्हाला या कामात उतरायचं असेल तर उलट्या बाजूने उतरा. अशा कंपन्यांना गावपातळीवर माणूस लागतोच. शेताच्या हद्दी मोबाइलवर टिपायच्या, नमुन्याच्या वाफ्यात जाऊन छातीइतक्या उंचीवर प्रत्येक खोडाचा घेर फीत लावून मोजायचा, मेलेली रोपं मोजायची, फोटो काढायचे, दर वर्षी. हे पुण्यात बसून होत नाही. अ‍ॅग्री झालेल्या माणसाला ते जमतं. त्यांना सांगा, पार्टनर नको, मोजणीचं काम द्या, दर वाफ्याला इतके, बिल देईन, पैसे महिन्यात. ते हो म्हणाले तर कंपनीत जीव आहे. हसले तर तेही उत्तरच आहे.

आता मेहुण्याकडे येते, कारण या पत्रातला खरा धंदा त्याच्या वाक्यात आहे.

त्याच्या मालकाला गिऱ्हाईक कार्बनचा हिशेब का मागतंय? तिकडच्या मोठ्या दुकानदारांना स्वतःच्या मालामागचं उत्सर्जन दाखवावं लागतं, आणि टॉवेलचं बरंचसं उत्सर्जन सोलापुरातच होतं, रंगाईच्या वाफेत आणि मागाच्या विजेत. आपल्याकडेही सेबीने पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३पासून असा अहवाल सक्तीचा केला. त्या कंपन्या मग आपल्या पुरवठादारांना विचारतात. लोखंडाच्या मालावर तर युरोपने सीमेवरच कार्बनचा कर आणलाय, त्याला सीबॅम म्हणतात. १ ऑक्टोबर २०२३पासून नुसती माहिती मागत होते, १ जानेवारी २०२६पासून पैशाचा हिशेब सुरू झाला. टॉवेल त्यात नाही. नट-बोल्ट, स्क्रू, पाइप फिटिंग आहेत. कोल्हापूर-पुण्याकडच्या छोट्या कारखानदारांना ‘एक टन मालामागे किती?’ असा फॉर्म येतो आणि तो बिचारा सीएकडे पाठवतो. सीए म्हणतो, हे माझं नाही.

हे कुणाचं आहे? मेहुण्याचं. आणि गणित तुमच्या झाडांच्या गणितापेक्षा सोपं आहे. आपल्या ग्रिडच्या एका युनिट विजेमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. केंद्रीय वीज प्राधिकरण त्याचा आकडा प्रसिद्ध करत असतं. महिन्याला एक लाख युनिट जाळणारा कारखाना म्हणजे ७० टन. जनरेटरच्या डिझेलला लिटरमागे सुमारे २.७ किलो. कोळशाचं त्याच्या प्रतीवर अवलंबून. भागिले महिन्याचं उत्पादन. झालं. अवघड आहे ती शिस्त: कोणता मीटर कशाचा, कोळशाचं वजन ओलं की वाळलं, नोकराने जनरेटरची वही भरली की नाही. या तीन-चार वह्या नीट ठेवून दर महिन्याला एक पान काढून देणारा माणूस छोट्या कारखान्यांना हवा आहे, आणि सल्लागार कंपन्यांची फी त्यांना झेपत नाही. मेहुण्याने आधी स्वतःच्या कारखान्याचं बारा महिन्यांचं पान काढावं. मग शेजारच्या दोन कारखान्यांना विचारावं. जोडीला ब्युरोची एनर्जी ऑडिटरची परीक्षा द्यावी. पात्रता आणि अनुभवाची अट आहे, ती आधी वाचावी. मी ती दुसऱ्या खेपेला पास झाले, त्यामुळे पहिल्या नापासाने खचू नये.

असा हिशेब ठेवताना बॉयलरची गळती दिसतेच. उघडा वाफेचा पाइप, गटारात जाणारं गरम पाणी. ते दुरुस्त केल्यावर कोळशाचं बिल कमी येतं, क्रेडिट मिळो न मिळो. म्हणजे पुन्हा तेच, बागेपल्लीच्या चुलीसारखं.

आणि तुम्ही? तुमच्या बायकोचा निकष मला मनापासून पटतो: हात लावता आला पाहिजे. मेहुण्याच्या कारखान्यात कोळसा जळत असेल तर मालकाला कधीतरी त्याऐवजी पांढरा कोळसा टाकायची वेळ येणार, म्हणजे शेतातल्या काडीकचऱ्याच्या विटा. तसा टाकला तर त्याच्या हिशेबातलं कोळशाचं उत्सर्जन तेवढं कमी होतं. कोळशावर चालणाऱ्या औष्णिक केंद्रांनाही २०२४-२५पासून ५ टक्के अशी जैवइंधनाची मिसळ बंधनकारक झाली. या विटा कशाच्या होतात? तुराट्यांच्या. सोयाबीनच्या भुसकटाच्या. तुमच्या तालुक्यात मार्चमध्ये बांधावर पेटवून देतात त्याच्या. तुमच्याकडे दुकान आहे, गावोगाव शेतकऱ्यांचे फोन नंबर आहेत, कुणाच्या ट्रॉल्या हंगामानंतर रिकाम्या असतात हे तुम्हाला ठाऊक आहे. तुराट्या गोळा करणं, कुट्टी करणं, वाळवणं आणि जवळच्या विटांच्या कारखान्याला टनावर देणं, यात भांडवल अडीच लाखांपेक्षा जास्त लागेल की कमी, हे कुट्टी यंत्र भाड्याने घेता की विकत यावर आहे. पहिल्या वर्षी भाड्याने घ्या. आधी कारखान्याकडून दर, ओलाव्याची अट आणि पैसे किती दिवसांत देणार हे लेखी घ्या. तुराट्या फुगवट्याला फार, वजनाला कमी, त्यामुळे तीस-चाळीस किलोमीटरपलीकडे गाडीभाडंच खाऊन टाकतं. कुट्टी करूनच गाडी भरा. पावसाळ्यात झाकायला ताडपत्री किती लागेल ते मात्र दुप्पट धरा, प्रत्येक जण तिथेच चुकतो.

अकरा एकरांतल्या बांधावर झाडं लावायची असतील तर खुशाल लावा, तुम्हाला आवडतील ती. सावली, फळ, लाकूड तुमचं.

करारपत्राची प्रत मिळाली तर मला पाठवा, विशेषतः झाड मेल्यावर काय होईल हे लिहिलेलं पान. आणि मेहुण्याला सांगा, गेल्या बारा महिन्यांची वीजबिलं आणि कोळशाच्या पावत्या एका फायलीत लावून ठेव. पावत्यांवर ओलावा लिहिलेला नसेल तर पुढच्या गाडीपासून लिहून घे.